दाढ, सायनस आणि एक हट्टी भोक

वरच्या जबड्यातली मागची दाढ काढल्यानंतर क्वचित एखादा रुग्ण चमत्कारिक तक्रार घेऊन दंतवैद्याकडे परत येतो. चूळ भरली की थोडे पाणी नाकपुडीतून ओघळते. फुगा फुगवायला जावे तर हवा तोंडात कोंडून राहत नाही. शिट्टी वाजत नाही, बासरीचे तर नावच नको. पुढे काही दिवसांनी त्या बाजूचा गाल जड वाटू लागतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येतो आणि तोंडाची चव बिघडते.

जेवताना हसू आले आणि पाणी नाकात गेले, हा अनुभव आपल्या सर्वांना आहे. पण ते पाणी घशाच्या मागच्या बाजूने वर चढलेले असते. इथला प्रकार वेगळा आहे. काढलेल्या दाढेच्या खाचेतून पाणी सरळ वर जाते, गालाआडच्या हाडातल्या एका पोकळीत शिरते आणि तेथून नाकात उतरते. तोंड आणि ती पोकळी यांच्यामधली भिंत फुटलेली असते.

हे भोक कसे बुजवावे, हा शस्त्रक्रियाशास्त्रातला तसा लहानसा प्रश्न. हृदयरोपणासारखा त्याचा कधी बोलबाला झाला नाही. पण त्याचा इतिहास विलक्षण आहे. जवळजवळ दोनशे वर्षे डॉक्टरांनी हे भोक बुजवण्याऐवजी मुद्दाम पाडले, आणि तेही उपचार म्हणून! जो उपचार होता तोच रोग कसा ठरला, आणि तो बरा करण्याआधी काय काय समजून घ्यावे लागले, याची ही हकिगत आहे.

हाडातली रिकामी खोली

आपली कवटी सगळीकडे भरीव नाही. वरच्या जबड्याच्या हाडात, डोळ्यांच्या खाली आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. हिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. सर्दी झाली की ‘सायनसचा त्रास आहे’ असे आपण म्हणतो, त्या सायनसांपैकी ही सर्वांत मोठी जोडी. आकार आडव्या पिरॅमिडसारखा. मोठ्या माणसात तिच्यात साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे पाणी मावेल.

या खोलीचे छत म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा तळ. आतली भिंत म्हणजे नाकाची बाजू. आणि खोलीची जमीन म्हणजे दाढांच्या मुळांवरचे हाड. हे हाड सगळ्यांत सारखे जाड नसते. काही जणांत ते अगदी कागदासारखे पातळ असते, तर काहींच्या दाढांची मुळे सायनसच्या तळाला उंचवटेही आणतात. अशी दाढ काढताना मुळाबरोबर जमिनीचा तुकडा निघून आला, तर खोलीला खालून भोक पडते. हे बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या दाढेच्या जागी होते.

लहान मुलांत हा धोका फारसा नसतो. जन्माच्या वेळी ही पोकळी अगदी लहान असते. मूल वाढते तशी तीही वाढते. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिची जमीन नाकाच्या तळाच्या पातळीला येते आणि कायमच्या दाढा आल्यावर आणखी खाली उतरते. मोठ्या माणसात ती नाकाच्या तळापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर खाली असू शकते.

या खोलीला नाकात उघडणारे एक लहानसे दार असते. त्याची रुंदी काही मिलिमीटर. ते जमिनीलगत नसते, आतल्या भिंतीत पार वर, छताजवळ असते. म्हणजे घर बांधताना गवंड्याने मोरीचे भोक छताजवळ ठेवावे, तशातला हा प्रकार! ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. सगळी गोष्ट पुढे तिच्याभोवतीच फिरणार आहे.

पिसाची दांडी

ही पोकळी लिओनार्दो दा विंचीने १४८९ साली कवटी कापून अचूक रेखाटली होती. पण त्याची चित्रे शतकानुशतके लोकांपुढे आलीच नाहीत. तिचे सविस्तर वर्णन छापले ते इंग्लंडमधल्या नॅथॅनिएल हायमोर या वैद्याने, १६५१ साली. रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वीचा हा मित्र. हायमोरच्या नावावरून या पोकळीला पुढे ‘हायमोरची गुहा’ असेच नाव पडले.

हायमोरने आपल्या ग्रंथात एका बाईची हकिगत दिली आहे. तिचा वरचा सुळा काढला होता आणि त्या जागेतून सतत पाणी झिरपत होते. हे येते तरी कोठून, म्हणून तिने त्या भोकात चांदीची सळई घातली. ती थेट डोळ्याच्या दिशेने वर गेली. मग तिने पिसाची दांडी सोलून घेतली आणि आत सारली. दांडी जवळजवळ सगळीच आत गेली. आपण मेंदूलाच हात घातला अशी त्या बाईची खात्री झाली आणि ती घाबरून हायमोरकडे आली. दांडी मेंदूत गेलेली नाही, पोकळीतच वेटोळे घालून बसली आहे, असे हायमोरने तिला समजावले.

तोंड आणि सायनस यांना जोडणाऱ्या भोकाची ही जुन्या काळातली एक उत्तम नोंद आहे. हायमोरने रोगाचे नाव ठेवले नाही की उपचार सांगितला नाही. पण दाताच्या खाचेतून या गुहेत जाता येते हे त्याच्या ग्रंथाने सर्वांना कळले. लोकांनी त्यातून काय निष्कर्ष काढला ते पुढे पाहू.

भोक हेच औषध

सायनसमध्ये पू भरला की गाल ठणकतो. प्रतिजैविके नव्हती, क्ष-किरण नव्हते, भूल नव्हती, अशा काळात वैद्याने काय करावे? पू बाहेर काढावा, हे उघड आहे. गळवाला जसा खालून चीर देतात तसा मार्ग खालून काढावा, हेही तितकेच उघड वाटते. पाणी उताराकडे वाहते हे कोणालाही ठाऊक आहे.

लंडनचा शल्यचिकित्सक विल्यम कूपर याने नेमके हेच केले. वरची पहिली दाढ काढायची, तिच्या खाचेतून अणकुचीदार हत्याराने सायनसच्या जमिनीला भोक पाडायचे आणि त्यातून पू वाहू द्यायचा. जेम्स ड्रेक याच्या १७०७ सालच्या शरीररचनेच्या ग्रंथात ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि ‘कूपरची शस्त्रक्रिया’ म्हणून रूढ झाली. भोक बुजू नये म्हणून त्यात नळी किंवा बूच बसवत. रुग्ण ते काढून सायनस धूत असे आणि परत बसवत असे.

रुग्णाला आराम पडे हे खरे. पू कोंडून राहण्यापेक्षा वाहिलेला बरा. पण आता तोंडातले पाणी, अन्नाचे कण आणि असंख्य जंतू यांना वर जायला राजमार्ग मिळाला होता. भोक उघडे असेपर्यंत सायनस पुरता स्वच्छ होत नसे आणि सायनस स्वच्छ नसल्यामुळे भोक बंद करता येत नसे. या चक्रात माणसे वर्षानुवर्षे अडकून पडत. दोष कूपरच्या हाताचा नव्हता. दोष ‘पाणी खालीच वाहणार’ या गृहीतकाचा होता. ते तपासायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली.

बोटीवरची शस्त्रक्रिया

बुजवता न येणाऱ्या भोकावर दुसरा मार्ग म्हणजे झाकण. सोळाव्या शतकात फ्रान्समधील शल्यचिकित्सक आंब्रुआज पारे याने टाळूला भोक पडलेल्या रुग्णांसाठी धातूच्या पातळ पत्र्याची झाकणे वर्णन केली आहेत. पत्र्याला वरच्या बाजूने स्पंज लावायचा. तो भोकात घातला की ओलाव्याने फुगून पत्रा जागी धरून ठेवी. अशा झाकणाला ऑब्च्युरेटर म्हणतात.

अशाच एका झाकणाने एका देशाच्या कारभाराला आधार दिला. अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या डाव्या बाजूच्या टाळूवर १८९३ साली एक खरबरीत व्रण आढळला. तो कर्करोग असावा असे डॉक्टरांना वाटले. देशात त्या वेळी मोठी आर्थिक घबराट पसरली होती. अध्यक्ष आजारी आहेत हे कळले तर बाजार कोसळेल, अशी भीती होती. म्हणून १ जुलै १८९३ रोजी एका मित्राच्या ‘ओनायडा’ नावाच्या बोटीवर गुपचूप शस्त्रक्रिया झाली. डॉ. जोसेफ ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या जबड्याचा डावा भाग बराचसा काढला. चेहऱ्यावर एकही चीर दिली नाही. सगळे काम तोंडातून केले, त्यामुळे मिशा होत्या तशाच राहिल्या! गाठ सायनसपर्यंत पोहोचली होती.

आता तोंड आणि सायनस एक झाले. त्या पोकळीत कापड कोंबले नाही तर अध्यक्षांचे बोलणे कोणालाच समजेना. आवाज स्पष्ट होण्यासाठी तोंडातली हवा तोंडातच राहावी लागते, आणि ती तर भलत्याच वाटेने पळत होती. कॅसन गिब्सन या दंतवैद्याने कडक रबराचे नेमके बसणारे झाकण तयार केले. ते लावल्यावर क्लीव्हलँड यांचा आवाज पूर्ववत झाला आणि ते जाहीर भाषणेही करू लागले. फिलाडेल्फियाच्या एका वार्ताहराने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये खरी बातमी छापली, पण तोच खोटा ठरवला गेला. शस्त्रक्रियेत भाग घेतलेल्या डॉ. विल्यम कीन यांनी १९१७ साली सारी हकिगत प्रसिद्ध केली तेव्हा कोठे त्या वार्ताहराला न्याय मिळाला. क्लीव्हलँड १९०८ पर्यंत जगले. तो रोग परतला नाही.

कर्करोगामुळे जबड्याचा मोठा भाग काढावा लागतो अशा रुग्णांना आजही ऑब्च्युरेटर लावतात. आपल्याकडे तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग किती आढळतो हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. पण झाकण म्हणजे बरे होणे नव्हे. ते रोज काढावे, धुवावे, परत लावावे लागते. दाढेच्या जागी पडलेले लहान भोक कायमचे बुजवता येणार नाही का, हा प्रश्न शिल्लकच होता.

पाणी वर वाहते

त्याच १८९३ साली न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेल यांनी सायनस साफ करण्याची नवी पद्धत मांडली. १८९७ साली पॅरिसच्या हेन्री ल्यूक यांनी स्वतंत्रपणे जवळपास तशीच पद्धत सुचवली. वरचा ओठ उचलून सुळ्याच्या वरच्या हाडात खिडकी पाडायची, सायनस आतून साफ करायचा आणि पू जाण्यासाठी नाकाच्या बाजूने दुसरे भोक ठेवायचे. तोंडातली जखम मात्र टाके घालून बंद करायची. निचऱ्याचे तोंड मुखातून नाकाकडे वळवले गेले, ही मोठीच प्रगती होती. तरीही नाकातले नवे भोक पाडले ते खालच्या बाजूलाच. उताराचा नियम डोक्यातून गेला नव्हता.

विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत अमेरिकेतील अँडरसन हिल्डिंग यांनी सायनसच्या अस्तराचा अभ्यास केला. या अस्तरावर सिलिया नावाचे सूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि अस्तरावरचा चिकट पातळ थर पुढे सारतात. वाऱ्याने भाताच्या शेतावर लाट धावावी तशी त्यांची हालचाल दिसते. थर मिनिटाला फार तर सेंटिमीटरभर सरकतो. पण सरकतो कोणत्या दिशेला? खाली नव्हे, तर वर, छताजवळच्या त्या नैसर्गिक दाराकडे! पोकळीच्या तळापासून भिंतींवरून चढत तो दारापर्यंत पोहोचतो आणि नाकात पडतो. हिल्डिंग यांनी सशांच्या सायनसला वेगळी भोके पाडून पाहिली. सिलियांनी त्या नव्या भोकांची दखल घेतली नाही. ते आपला माल जुन्याच दाराकडे नेत राहिले.

ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी पुढे माणसाच्या सायनसमध्ये हेच मार्ग दाखवून दिले. हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या दांड्यांपासून बनवलेल्या बारीक दुर्बिणीमुळे नाकात डोकावणे सोपे झाले होते. १९८० नंतर या दुर्बिणीतून नैसर्गिक दारच मोकळे करण्याची शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली.

म्हणजे मोरी छताजवळ ठेवणारा गवंडी चुकलेला नव्हता. त्याने पाणी वर चढवणारे लक्षावधी मजूर कामाला ठेवले होते, आणि ते आपल्याला दिसत नव्हते. यातून आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. तोंडातले भोक बुजवायचे असेल तर आधी सायनसचे वरचे दार मोकळे हवे. ते सुजून बंद झाले असेल आणि आत पू असेल, तर खालचे भोक कितीही छान शिवले तरी ते पुन्हा उसवते.

टोचलेला कान का बुजत नाही?

उरलेले अर्धे उत्तर भोकाच्या कडांमध्ये आहे. साधी जखम आपोआप भरते, मग हे भोक का भरत नाही?

हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे, कारण उत्तर मुलांच्या कानातच आहे. सोनाराने कान टोचला आणि दुसऱ्या दिवशी तार काढून घेतली तर भोक बुजते. तार काही आठवडे ठेवली तर भोक कायमचे राहते. या काळात दोन्ही बाजूंची कातडी भोकाच्या आतून वाढत येते आणि एकमेकींना मिळते. बोगद्याला आतून अस्तर लागते. त्वचेच्या पेशी शेजारच्या पेशीला टेकल्या की वाढ थांबवतात. शरीराच्या दृष्टीने मग तिथे जखम उरतच नाही, त्यामुळे भरून काढायचेही काही राहत नाही.

दाढेच्या भोकात असेच घडते. खालून हिरडीची कातडी वर चढते, वरून सायनसचे अस्तर खाली उतरते. साधारण दोन-तीन आठवड्यांत दोघी भेटतात. ताजे भोक ही जखम असते. अस्तर लागलेले भोक हा कायमचा रस्ता होतो. वैद्यकात त्याला फिस्टुला म्हणतात. नुसते टाके घालून तो बंद होत नाही. आधी आतले अस्तर कापून काढावे लागते, म्हणजे कडा पुन्हा ‘जखमी’ होतात. सुश्रुतसंहितेत फाटलेली कानाची पाळी जोडताना कडा खरवडून घ्याव्यात असे सांगितले आहे, त्यामागचे कारण हेच.

पण अस्तर काढले की भोक आणखी मोठे होते. खाली हाड नसल्यामुळे टाके ताणले जातात आणि तुटतात. मग वरून काहीतरी आणून झाकायला हवे. दुसरीकडून कापून आणलेला कातडीचा तुकडा पोकळीवर नुसता पसरला तर त्याला खालून रक्त मिळत नाही आणि तो सडतो. झाकण जिवंत हवे, आणि जिवंत राहण्यासाठी त्याचा रक्तपुरवठा चालू हवा.

पुण्याजवळची एक शस्त्रक्रिया

इथे आपल्या परिसरातली एक नोंद उपयोगी पडते. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र छापून आले. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याचे काम करीत होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. मुंबईहून आलेल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया पाहिली होती.

पद्धत अशी होती. मेणाचे नाक करून ते सपाट करायचे आणि कपाळावर ठेवून त्याची रेघ आखायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधला एक देठ तसाच ठेवायचा. कातडी देठावर पिळून खाली वळवायची आणि नाकाच्या ताज्या केलेल्या कडांना जोडायची. वरून कात भिजवून लावलेल्या पट्ट्या ठेवायच्या. सुमारे पंचवीस दिवसांनी, नवी कातडी जागी रुजली की देठ कापायचा. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी पानाच्या मापाने घेऊन नाक बनवण्याची कृती आहे. कपाळाची ही रीत तिचीच नातेवाईक.

या सगळ्यात देठ महत्त्वाचा. फांदीला जोडलेले पान हिरवे राहते, तोडलेले वाळते. देठातून रक्त येत राहते म्हणून वळवलेली कातडी जगते. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ पासून ही शस्त्रक्रिया करून पाहिली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. बर्लिनमध्ये कार्ल फॉन ग्रेफे यांनी १८१८ साली नाकाच्या पुनर्रचनेवर ग्रंथ काढला. त्याच शहरात बर्नहार्ड फॉन लांगेनबेक यांनी १८६१ साली जन्मतः दुभंगलेली टाळू जोडताना टाळूची कातडी हाडावरच्या आवरणासह सोडवून सरकवण्याची पद्धत सांगितली. नाकासाठी वापरलेली देठाची कल्पना अशी हळूहळू तोंडात उतरली.

गाल, टाळू आणि चरबीचा गोळा

दाढेच्या भोकासाठी देठासह कातडी आणायची तर ती कोठून आणायची? जवळ दोन जागा आहेत, बाहेरच्या बाजूला गाल आणि आतल्या बाजूला टाळू.

गालाची पद्धत जर्मनीतील रेरमान यांनी १९३६ साली मांडली. भोकाच्या बाहेरच्या बाजूला हिरडीची आणि गालाची कातडी समलंब चौकोनाच्या आकारात सोडवतात. देठाकडची बाजू रुंद ठेवतात, म्हणजे रक्त भरपूर येते. तरीही कातडी भोकापर्यंत पुरत नाही, कारण तिच्या आतल्या बाजूला हाडावरचे न ताणणारे आवरण चिकटलेले असते. रेरमान यांनी त्या आवरणाला आतून एक आडवी चीर दिली. चीर दिली की कातडी सैल होऊन सहज पुढे येते. युक्ती एवढीच, पण त्यामुळे टाक्यांवरचा ताण गेला. तोटा असा की गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच उथळ होते आणि पुढे कवळी बसवायला अडचण येते.

टाळूची पद्धत रिया अॅश्ली यांनी १९३९ साली वर्णन केली. टाळूच्या कातडीत मागून पुढे येणारी एक ठळक रोहिणी असते. तिला सामावून घेणारा लांबट पट्टा सोडवायचा, मागचा देठ ठेवायचा आणि पट्टा वळवून भोकावर आणायचा. कपाळाची कातडी नाकावर वळवावी तशीच ही रीत. टाळूची कातडी जाड आणि चिवट असल्यामुळे झाकण भक्कम होते. मात्र पट्टा घेतलेल्या जागी टाळूचे हाड उघडे पडते आणि ते भरून यायला काही आठवडे जातात. तोवर जेवणे म्हणजे शिक्षाच.

तिसरी जागा सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही उशिरा सुचली. गालाच्या आत, चावण्याच्या स्नायूंच्या मध्ये, चरबीचा एक वेगळा गोळा असतो. बाळांचे गाल गुबगुबीत दिसतात ते याच्यामुळे. हाइस्टर यांनी १७३२ मध्ये त्याला ग्रंथी समजून नाव दिले. ती ग्रंथी नसून चरबी आहे हे फ्रान्सच्या बिशा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओळखले. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे तो गोळा शस्त्रक्रियेत मध्ये येणारी कटकट म्हणूनच ओळखला जाई.

१९७७ साली एडयेदी यांनी तो भोके बुजवायला वापरला. वरच्या दाढांच्या मागे लहान चीर दिली की हा गोळा आपणहून बाहेर डोकावतो. हलकेच ओढून तो भोकावर पसरता येतो. त्याला अनेक रोहिण्यांकडून रक्त मिळते, म्हणून तो ताणला तरी जगतो. एडयेदी यांनी त्यावर कातडीचे कलम लावले होते. टिडमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवले की त्याची गरज नाही. उघडी पिवळी चरबी तोंडातच तीन-चार आठवड्यांत आपोआप कातडीने झाकली जाते. टाळू सोलायला नको, गालाची खाच उथळ व्हायला नको. मोठ्या भोकांसाठी ही पद्धत आज पुष्कळ ठिकाणी पहिली पसंती आहे.

आज काय करतात

दाढ काढताना भोक पडले आणि ते तिथल्या तिथे लक्षात आले, तर काम सोपे असते. दोन मिलिमीटरपेक्षा लहान भोक बहुधा आपोआप भरते. खाचेत जमलेली रक्ताची गुठळी हेच उत्तम बूच. पाच मिलिमीटरच्या वरचे भोक मात्र शस्त्रक्रियेने बंद करणे बरे. त्यालाही पहिल्या एक-दोन दिवसांत हात घातला तर यश जास्त, कारण अस्तर लागायला वेळ मिळालेला नसतो आणि सायनसही बिघडलेला नसतो. जुना फिस्टुला असेल तर आधी सायनसचा उपचार, मग अस्तर काढणे आणि शेवटी देठासह झाकण, हा क्रम.

अशा रुग्णाला काही पथ्ये सांगतात. दोन आठवडे नाक शिंकरू नये. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यावी. स्ट्रॉने पिऊ नये, फुगा फुगवू नये, विडी-सिगारेट ओढू नये. कारण साधे भौतिकशास्त्र आहे. नाक दाबून जोर केला की सायनसमधला दाब वाढतो आणि गुठळी खाली ढकलली जाते. स्ट्रॉने ओढले की तोंडातला दाब कमी होतो, परिणाम तोच. धुरामुळे तर सिलियांचे कामही मंदावते. आपल्या शाळेतल्या एखाद्या सहकाऱ्याला किंवा मुलांच्या पालकांना दाढ काढल्यावर चूळ नाकातून येऊ लागली, तर ‘होईल बरे’ म्हणून महिनाभर थांबू देऊ नका. पहिल्या दोन दिवसांत जे थोडक्यात भागते, त्याला महिन्यानंतर मोठी शस्त्रक्रिया लागू शकते.

या सगळ्या इतिहासात कूपरला हसण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे जेवढी माहिती होती तिच्यातून त्याने तर्कशुद्ध उत्तर काढले होते. पाणी उताराकडे वाहते हा नियम खराच आहे. फक्त शरीराच्या त्या कोपऱ्यात दुसरेच बळ काम करीत होते आणि ते दिसायला सूक्ष्मदर्शक व चिकाटीचे प्रयोग लागले. बुजवण्याच्या कलेतही तेच झाले. झाकण लावणे कोणालाही सुचते, पण झाकणाला देठ हवा हे पुण्याजवळच्या कारागिराला अनुभवाने ठाऊक होते आणि तो का हवा हे रक्ताभिसरणाच्या ज्ञानाने कळले. आतली वाट मोकळी आणि वरचे झाकण जिवंत, या दोन अटी पाळल्या की हे हट्टी भोक मुकाट्याने बुजते. यांपैकी एक जरी मोडली तरी कितीही बारीक टाके घाला, ते पुन्हा उघडते.